किब्ला आणि वतन

नववीच्या वर्गावर भूगोलाचा तास चालू होता. पश्चिम आशियाचा नकाशा भरायचा होता. ऑक्टोबर २०२३ नंतरचे ते दिवस. मुलांच्या घरी टीव्हीवर, मोबाइलवर रात्रंदिवस गाझाची चित्रे चाललेली. मधल्या बाकावरच्या एका मुलाने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारले, "सर, वो जमीन असल में किसकी है?" आम्ही तोंड उघडण्याआधीच मागून उत्तर आले, "मुसलमानों की." त्यावर खिडकीजवळ बसणारा, नेहमी काही ना काही वाचत असणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "लेकिन सर, कुरआन में तो मूसा अलैहिस्सलाम अपनी कौम को उसी पाक जमीन में दाखिल होने को कहते हैं." वर्ग एकदम शांत झाला. चाळीस डोकी आमच्याकडे वळली. आम्ही म्हणालो, "पहले नक्शा पूरा करो." तेवढ्यात घंटा झाली आणि आमची सुटका झाली.

बी.एड.ला आम्हाला शिकवले होते, की विद्यार्थ्याचा प्रश्न परतवून लावू नये. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे. आम्ही दोन्ही केले नाही. पण प्रश्न काही पिच्छा सोडीना. विचार करता करता ध्यानात आले, की 'जमीन कोणाची' या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. एखादी भूमी मनाने आपली असणे म्हणजे नेमके काय? जिथे आपल्या शंभर पिढ्यांनी पाऊल ठेवले नाही, ती भूमी वतन कशी ठरते? आणि ज्याचे पूज्य स्थान एका देशात व चूल दुसऱ्या देशात, तो माणूस त्या दुसऱ्या देशाचा पुरा की अर्धा? हा शेवटचा प्रश्न आम्हा भारतीय मुसलमानांना नवा नाही. आमच्याबद्दल तो इतक्या वेळा विचारला गेला आहे, की आता ऐकूही येत नाही. तोच यहुद्यांच्या बाबतीत विचारून पाहिला तर कदाचित नीट ऐकू येईल, असे वाटले.

त्यासाठी जेरुसलेमला जाण्याची गरज नाही, अलिबागपर्यंत गेले तरी पुरे. आमच्या सासुरवाडीचे काही नातलग कोकणात आहेत. काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका लग्नाला गेलो असताना एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हाला नवगावला नेले. समुद्राच्या काठी, नारळीच्या सावलीत यहुद्यांचे एक जुने कब्रस्तान आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी, कोणी म्हणतात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, त्यांच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्याजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते काठाला लागली. त्यांतल्या पुरुषांना एका ठिकाणी आणि बायकांना दुसऱ्या ठिकाणी दफन केले. तिथे आज स्मारक उभे आहे. जहाजाचे साल कोणी सिद्ध करू शकत नाही. पण एका समाजाने आपल्या येण्याची आठवण बुडालेल्यांच्या कबरीपाशी बांधून ठेवावी, जिंकलेल्या किल्ल्यापाशी नव्हे, ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली.

वाचले ते कोकणचे झाले. घाण्यावर तेल काढू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. गावांवरून आडनावे पडली. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर. हिब्रू विसरले, ग्रंथ उरला नाही. उरली ती सुंता, शनिवारची सुट्टी, खवले आणि पर असलेलाच मासा खाण्याचा नियम आणि ईश्वर एक असल्याची ग्वाही देणारी 'शमा' ही प्रार्थना. बाकी बोली मराठी, जेवण कोकणी, बायकांच्या अंगावर लुगडे. त्यांच्या सणांची मराठी नावे ऐकावीत : नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण. आणि उपासाला शब्द कोणता? रोजा! प्रार्थनास्थळाला शब्द कोणता? मशीद! मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. मस्जिद बंदर स्टेशनचे नाव त्याच 'मशिदी'वरून पडले, असे सांगतात. आम्ही इतकी वर्षे त्या स्टेशनवरून ये-जा केली आणि ते नाव आपलेच समजत आलो. हे दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते आणि टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. हे 'बनी इस्राईल' आहेत, कुरआनात ज्यांचा उल्लेख येतो ते, असे कळल्यावर सुलतानाच्या आईने त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी आख्यायिका त्या समाजात आहे. खरी-खोटी अल्ला जाणे. पण आपल्या सुटकेचे श्रेय त्यांनी अशा नात्याला दिले, हे काय थोडे झाले?

नवस फेडताना हे लोक मलिदा करतात. आमच्याकडे दर्ग्यावर न्यायचा मलिदा चपाती कुस्करून, गूळ-तूप घालून होतो. त्यांचा पोहे, खोबरे, गोड आणि फळांचा असतो. तो हजरत इलियास यांच्या नावे असतो. त्यांच्या बोलीत 'एलियाहू हन्नबी'. अलिबागजवळ खंडाळा येथे एका खडकावर काही खुणा आहेत. एलियाहू रथात बसून आकाशात गेले तेव्हा उमटलेल्या चाकांच्या त्या खुणा, अशी श्रद्धा आहे. बायबलात ही घटना जॉर्डन नदीकाठी घडते. कोकणच्या यहुद्याने ती खंडाळ्याला आणली. ही बाब हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पवित्र भूमी दूर असली की माणूस तिचा एक तुकडा आपल्या उंबऱ्याजवळ आणून ठेवतो. आमच्या शहरातल्या कदम रसूलचा, मोहरमच्या ताबुतांचा अर्थ आणखी काय असतो? खुलताबादच्या वाटेवर म्हातारी माणसे आजही बोलून जातात, की ज्याला हज जमले नाही त्याने इथे तरी यावे. मौलवीसाहेबांना ते पटत नाही, आणि शास्त्र म्हणून त्यांचेच बरोबर आहे. पण म्हातारीच्या बोलण्यातली तहान आम्हाला समजते.

आता मूळ भूमीकडे वळू. यहुद्यांच्या धर्मात ती भूमी म्हणजे केवळ वाडवडिलांचे गाव नव्हे. हजरत इब्राहीम (अ.) यांना दिलेल्या वचनाशी ती जोडलेली आहे. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बख्तनसरने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि लोकांना बाबिलोनला नेले. इराणच्या बादशहाने परत येऊ दिल्यावर दुसरे मंदिर उभे राहिले. तेही इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळले. त्यानंतरचा यहुदी धर्म हा बहुतांशी देशांतराचा धर्म आहे. तीन वेळच्या प्रार्थनेत तोंड जेरुसलेमकडे, लग्नाच्या आनंदात एक पेला फोडून त्या मंदिराची आठवण, वल्हांडणाच्या जेवणाच्या शेवटी येते वर्ष जेरुसलेममध्ये घडो अशी इच्छा. आणि आव महिन्याच्या नवमीला मंदिराच्या विध्वंसाचा कडक उपास. या उपासाला कोकणात नाव काय पडले? 'बिरड्याचा रोजा'! वालाच्या बिरड्यावरून पडलेले. जेरुसलेमचे दुःख, त्याला फारसी-उर्दूतला रोजा आणि कोकणातले बिरडे. एवढ्याशा नावात किती प्रवास आहे!

आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. यहुद्यांचे सण त्या भूमीच्या ऋतूंवर बेतलेले आहेत. मांडवांच्या सणानंतर, म्हणजे आश्विनाच्या सुमारास, जगभरचे यहुदी पावसासाठी प्रार्थना करतात, कारण तिकडे पाऊस तेव्हा सुरू होतो. आता कोकणातला आश्विन डोळ्यांपुढे आणा. पाऊस आवरता घेतो आहे, भात पिकून उभे आहे आणि एक सर जास्त पडली तरी घास जाईल म्हणून गाव आभाळाकडे बघते आहे. कोचीनहून शिकवणारे आले, छापील प्रार्थना आल्या, तशी पूर्ण उपासना कोकणच्या यहुद्यांना ठाऊक झाली आणि तेही त्याच दिवशी पाऊस मागू लागले. स्वतःच्या शेतासाठी नव्हे, ज्या शेतांत त्यांचे काहीच पिकत नव्हते त्यांच्यासाठी. त्या भूमीचा आध्यात्मिक अर्थ समजून घ्यायचा तर आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडत नाही. भूमी म्हणजे इथे मालकी नाही, कूळकायदा नाही, एकराचा हिशेब नाही. ज्या ठिकाणच्या ढगांची आपण काळजी करतो, पण ज्यांचे पाणी आपल्याला मिळणार नाही, ते ठिकाण.

मुसलमान वाचकाला ही दिशा परकी वाटू नये. आमचाही पहिला किब्ला तोच होता. मदिनेत आल्यावरही सुमारे सोळा-सतरा महिने प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बैतुल मुकद्दसकडे तोंड करून नमाज अदा केली. मग दुसऱ्या हिजरी सनात दिशा मक्केकडे वळली. बाबा फरीद तरुणपणी जेरुसलेमला जाऊन राहिले, असे परंपरा सांगते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी हिंदी यात्रेकरूंची सराई तिथे आजही आहे. बाबा फरीद यांचे शिष्य निजामुद्दीन औलिया, त्यांचे शिष्य बुर्हानुद्दीन गरीब, आणि ते आमच्या खुलताबादेत झोपले आहेत. म्हणजे त्या शहराशी आमचाही धागा आहे. कोकणातून पाहिले तर जेरुसलेम आणि मक्का ढोबळ मानाने एकाच बाजूला पडतात. नवगावच्या समुद्रावर मावळतीकडे तोंड करून उभा असलेला यहुदी आणि त्याच्या शेजारचा मुसलमान दुरून पाहणाऱ्याला एकाच कामात असल्यासारखे दिसले असतील.

१८९७ साली बासलला पहिली झिओनिस्ट परिषद भरली, तेव्हा बेने इस्राएलांनाही बोलावणे आले होते. त्यांनी ते नाकारले. परतायचे तर ईश्वराच्या हाताने परतू, अशी त्यांची भूमिका होती. त्याच साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला होता. पुढे तो १९३७ साली तेल अवीवला छापला गेला. हा नकार आळसाचा म्हणता येईल, सुखवस्तूपणाचाही म्हणता येईल. पण जुन्या यहुदी धर्मविचारातही असे मानणारे पुष्कळ होते, की ती भूमी तलवारीने किंवा ठरावाने घ्यायची नाही; तिची वाट पाहायची. वाट पाहणे हीच इबादत. इस्लाममध्ये सब्र या शब्दाला जो मान आहे तो ज्याला कळतो, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इथे आमचे एक जुने दुखणे मांडू द्या. १९२३ साली सावरकरांनी हिंदुत्वाची व्याख्या केली, तेव्हा पितृभू आणि पुण्यभू असे दोन शब्द पुढे ठेवले. ही भूमी ज्याची दोन्ही आहे तो हिंदू. त्या मापाने आम्ही बाहेर पडलो, ख्रिस्ती बाहेर पडले, आणि हे शनिवार तेलीही बाहेर पडले. व्याख्या करणाऱ्याचा युक्तिवाद बिनबुडाचा होता असे नाही. पूज्य स्थान आणि घर दोन ठिकाणी असले तर ओढाताण होईल, ही भीती माणसाला वाटू शकते. पण भीतीला इतिहासाने उत्तर दिले पाहिजे, आणि कोकणचा इतिहास त्या भीतीला दुजोरा देत नाही. इतकी शतके या लोकांची पुण्यभू हजारो कोस दूर होती. त्यांनी कोणत्या गावाशी दगा केला? आमच्या जिल्ह्यात अजिंठा आहे. जपानहून, थायलंडहून, श्रीलंकेहून लोक येतात आणि लेण्यांतल्या बुद्धापुढे गुडघे टेकतात. त्यांची पुण्यभू भारत आहे. टोकियोत त्यांना कोणी विचारत नाही, की बाबा रे, तू नेमका कुठला? विचारले तर आम्हालाच वाईट वाटेल. मग हाच न्याय उलट दिशेने का लागू नये, हे कोणी आम्हाला पटवून दिलेले नाही. घर भाड्याने पाहायला गेल्यावर एका घरमालकाने आम्हाला हसत हसत विचारले होते, "तुमचं सगळं लक्ष तिकडेच ना?" आम्ही म्हणालो, "नमाजापुरतं. बाकी वेळ लक्ष पगारावर असतं." घर मिळाले नाही ते नाहीच.

पण बेने इस्राएलांची गोष्ट १८९७ ला थांबली नाही. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि कोकण रिकामे होऊ लागले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार यहुदी होते. २०११ साली उरले ४,६५०. सगळे भक्तीने गेले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, कस्टममधल्या नोकऱ्यांचे काय होणार ही धास्ती होती. मुलाबाळांच्या भविष्याचा विचार होता. आधी गेलेल्यांची पत्रे होती. मात्र एक कारण नव्हते, आणि ते त्या समाजाची माणसे स्वतः अभिमानाने सांगतात : इथे त्यांना कोणी छळले नव्हते. युरोपातल्या यहुद्यांची तशी स्थिती नव्हती. साठ लाख माणसे मारली गेल्यावर जे उरले, त्यांना कुठेतरी पाठ टेकायला जागा हवी होती आणि बहुतेक देशांनी दारे लावून घेतली होती. आमच्यातले काही लोक ही गोष्ट बोलायचे टाळतात. टाळू नये.

तिथे पोहोचल्यावर काय झाले? १९५२ साली बेने इस्राएलांचा एक गट तेल अवीवला सत्याग्रहाला बसला. मागणी एकच : आम्हाला भारतात परत पाठवा. रंगावरून वेगळी वागणूक मिळते, ही तक्रार होती. शंभरावर माणसे खरोखर परत पाठवण्यात आली. आणि मजा अशी, की त्यांतली बरीच काही काळाने पुन्हा तिकडे जायला निघाली. मनाला दोन्हीकडून दोर बांधलेले असले की असे होते. पुढे १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्राएलाचे लग्न लावण्यापूर्वी त्याच्या पूर्वजांची चौकशी करावी, रक्तात भेसळ नाही याची खात्री करावी. कोकणात ज्यांना कोणी कधी पुरावा मागितला नव्हता, त्यांना ज्या भूमीसाठी पिढ्यान् पिढ्या पाऊस मागितला तिथे पुरावा मागितला गेला! लोक रस्त्यावर उतरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला, की हे सर्व अर्थांनी यहुदी आहेत, आणि फर्मानातून त्यांचे नाव निघाले. पण ठराव करून मिळालेले वतन आणि न विचारता मिळालेले गाव यांतला फरक त्यांना समजला असणारच. नाहीतर त्या देशात 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक कशाला निघाले असते, महाराष्ट्र दिन कशाला साजरा झाला असता? जेरुसलेमकडे तोंड करून उभे राहिलेले लोक जेरुसलेमच्या देशात पोहोचल्यावर अलिबागकडे पाहू लागले.

आता सर्वांत अवघड भाग. कोकणातून गेलेल्यांना बीरशेबा, दिमोना, अश्दोद अशा ठिकाणी वसवले. तसेच लोद आणि रामला या गावांतही. लोद म्हणजे अरबांचे लुद. जुलै १९४८ पर्यंत ही दोन्ही गावे अरबांची होती. त्या महिन्यात तिथून पन्नास हजारांहून जास्त माणसांना ऐन उन्हाळ्यात पायी हाकलून दिले गेले. त्यांच्या घरांच्या किल्ल्या आजही छावण्यांतल्या म्हाताऱ्यांनी जपून ठेवल्या आहेत. पेण-रोह्याच्या तेल्याने कोणाला हाकलले नव्हते. त्याला कदाचित ठाऊकही नसेल, की आपण राहतो त्या गावात काही वर्षांपूर्वी कोण राहत होते. पण एकाची प्रार्थना पुरी झाली ती जागा दुसऱ्याच्या प्रार्थनेची सुरुवात झाली, हे नाकारता येत नाही. आता तोही दोन हजार वर्षे त्या दिशेला तोंड करणार का?

आमचे मत असे आहे. ओढ खरी आहे. यहुद्यांची ती ओढ खोटी, बनावट, राजकारणासाठी रचलेली आहे असे आमच्या सभांतून सांगितले जाते, तेव्हा आम्हाला बिरड्याचा रोजा आठवतो. बाहेरून शिकवणारे येण्याच्या आधीपासून कोकणात उपास धरणाऱ्या बाया काय राजकारण करीत होत्या? पॅलेस्टिनींच्या न्यायासाठी ही ओढ नाकारण्याची गरज नाही. नाकारल्याने त्यांचा दावा मजबूत होत नाही, उलट आपण खोटे बोलतो हे दिसते. पण ओढ खरी असली म्हणून सातबाऱ्यावर नाव लागत नाही. किब्ला म्हणजे उभे राहण्याची दिशा. ती सर्वांना एकाच वेळी मिळू शकते; कोणाची वाटणी कमी होत नाही. मालकीचे तसे नसते. दिशेचे रूपांतर मालकीत केले की मध्ये उभा असलेला माणूस अडथळा वाटू लागतो. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने सामान्य माणसे मारली आणि त्यानंतर गाझात मुलाबाळांसह जो संहार झाला, त्या दोन्हींच्या मुळाशी हे मध्ये उभ्या माणसाचे न दिसणे आहे असे आम्ही समजतो. दोन्हींचे वजन सारखे आहे असे आम्ही म्हणत नाही. मुलांची प्रेते मोजण्यासाठी तराजू आम्हाला हातात घ्यायचा नाही, इतकेच.

या बाबतीत आम्हाला सीरतमधला एक प्रसंग फार मोलाचा वाटतो, आणि त्यावर आमच्याकडे हवे तितके बोलले जात नाही. मक्का सोडताना प्रेषित (स.) मागे वळून त्या शहराकडे पाहतात आणि म्हणतात, की तू मला सर्वांत प्रिय आहेस, तुझ्या लोकांनी काढले नसते तर मी गेलो नसतो. आठ वर्षांनी मक्का हाती आली. पुण्यभू म्हणा, पितृभू म्हणा, सगळे तिथेच. अन्सार, म्हणजे आसरा देणारे मदिनेचे लोक, मनातून धास्तावले, की आता हे इथेच राहणार, आपल्याला सोडणार. आणि प्रेषित (स.) मदिनेला परतले. तिथेच वारले, तिथेच दफन झाले. किब्ला मक्केकडेच राहिला. कबर आसरा देणाऱ्यांच्या गावात. प्रिय भूमी मिळूनही तिच्यावर बिऱ्हाड न थाटता येते, याचा इतका मोठा दाखला आमच्या घरातच असताना आम्ही तो फक्त मिलादच्या जलशात ऐकतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही तो प्रश्न पुन्हा वर्गात घेतला. नकाशावर अलिबाग दाखवले, मग लुद दाखवले. शनिवार तेल्यांची गोष्ट सांगितली, मुंबईतल्या ससून शाळांची सांगितली. यहुद्यांनी आपल्या मुलांसाठी काढलेल्या त्या शाळांत आज बहुतेक मुले मुसलमानांची शिकतात. हे ऐकून वर्ग हसला. मधल्या बाकावरच्या मुलाला उत्तर काही मिळाले नाही. तो म्हणाला, "मतलब सर, दोनों की?" आम्ही म्हणालो, "जो वहाँ रहता है, उसकी भी. पहले ये 'भी' सीखो." तो समाधानी दिसला नाही. बरे झाले. नववीच्या मुलाने इतक्या लवकर समाधान मानू नये.

त्याला एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, कारण ती घरची होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यातली बरीच मुसलमान कुटुंबे हैदराबादला गेली, काही त्याहून पुढे. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ कराचीला गेले. मुसलमानांचे वतन म्हणून गेले. त्यांची पत्रे आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत आहेत. पाकिटांवर पत्ता 'औरंगाबाद, दकन'. शहराचे सरकारी नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, त्या पत्त्याचे पत्र आले तर पोस्टमन आणून देईल की नाही कोणास ठाऊक, देईल बहुधा. पत्रांत मजहबाची चर्चा नाही, राजकारण नाही. पाणचक्कीचे पाणी अजून पडते का? हिमायतबागेत यंदा आंबा कसा आहे? इथे आम्हाला मुहाजिर म्हणतात. एका पत्रात त्यांनी लिहिले आहे, की बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडून आले आणि आपल्या शहराने त्यांना नावातच मुसाफिर ठेवून कायमचे आपले केले. आम्ही इथे कायमचे आलो आणि नावातच परके राहिलो. शेवटच्या पत्रात मागणी होती. अम्माजानच्या कबरीजवळची मूठभर माती पाठव. यहुदीही अशी माती मागवतात, जेरुसलेमची, कबरीत घालायला. हे त्या दादांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

आजोबांनी माती आणली, चाळणीने चाळली आणि जर्द्याच्या एका रिकाम्या डबीत भरली. स्वतः घेऊन जाणार होते. व्हिसा मिळाला नाही. दुसऱ्यांदा अर्ज केला, तोवर कराचीहून कळले की ते गेले. डबी ट्रंकेतच आहे, पत्रांच्या खाली.